सुरुवातीची मात्रा

‘बार’ हा शब्द मराठीत बंदुकीतून आला आणि घरभर पसरला. लग्नाचा बार उडतो, एखाद्याचे भाषण फुसका बार ठरते, निवडणुकीआधी आश्वासनांचे बार निघतात. मूळ अर्थ मात्र साधा आहे. ठासणीच्या बंदुकीत एका वेळेला जेवढी दारू आणि गोळी भरायची, तो बार. जुना शिकारी शिंगाच्या किंवा पितळेच्या मापट्याने दारू ओतायचा, वर चिंधी, त्यावर गोळी आणि मग गज. हे मापटे बापाकडून मुलाकडे यायचे. दारू किती भरायची हे त्याला कोणी सांगावे लागत नसे, मापटेच सांगायचे.

आज हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला हजारो माणसे रोज संध्याकाळी विचारत असतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रायफलची काडतुसे घरी पुन्हा भरणे हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच फेकून न देता ते साच्यातून काढून मूळ मापावर आणायचे, तळाची जळकी टोपी, म्हणजे प्रायमर, काढून नवी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. कोणी पैसे वाचवण्यासाठी करतो, कोणी आपल्या रायफलीला नेमकी मानवणारी काडतुसे मिळावीत म्हणून, तर कोणाकडे आजोबांची अशी बंदूक असते की जिची काडतुसे आता कारखान्यात बनतच नाहीत. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्यास मनाई आहे, त्यामुळे हा छंद आपल्या ओळखीचा नाही. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न ओळखीचा आहे. एखादी गोष्ट पहिल्यांदाच करताना, जिथे चूक झाली तर डोळा किंवा हात जाऊ शकतो, तिथे पहिला आकडा कुठून घ्यायचा? आणि त्यावर विश्वास का ठेवायचा?

मापट्याचा काळ

शिकाऱ्याला मापटे पुरायचे, कारण काळी दारू बऱ्यापैकी क्षमाशील होती. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण जळल्यावर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळीच्या रूपाने घनच राहतो. ढकलणारा वायू होतो तो उरलेल्या भागाचा. शिवाय काळ्या दारूच्या जमान्यातले पितळी काडतूस जवळजवळ काठोकाठ भरूनच वापरायचे. दुप्पट दारू घालायची म्हटली तरी कवचात जागाच नसायची. चूक करण्याची संधीच कमी होती.

तरीही नळीच्या आत नेमके काय घडते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडमधल्या बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात एक साधे यंत्र मांडले. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात गोळी मारायची आणि ठोकळा किती झुलला यावरून गोळीचा वेग काढायचा. पेटलेल्या दारूचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट असावा, असा त्याचा हिशेब होता. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

शतक संपता संपता काउंट रमफर्डने छोट्या नळीत दारू पेटवून ती किती वजन उचलते हे पाहिले, आणि त्याचा आकडा गेला लाखपटीच्या घरात. मग १८७०च्या दशकात अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी बंद पोलादी भांड्यात दारू जाळून काळजीपूर्वक मोजणी केली. त्यांचे उत्तर होते सुमारे ६,४०० पट. एकाच पदार्थाबद्दल हजार, लाख आणि सहा हजार. तिघेही हुशार आणि प्रामाणिक होते. फरक होता तो मोजण्याच्या साधनाचा. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या दीडशे वर्षांत ती वेगळ्या रूपात पुन्हा समोर येते.

धूर गेला, माफी गेली

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली. दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यासाठी लेबेल रायफल स्वीकारली आणि काही वर्षांत युरोपातली सगळी सैन्ये त्या वाटेने गेली. ही दारू जवळजवळ पूर्ण वायू होते, मागे काजळी राहत नाही. त्यामुळे कमी दारूत जास्त वेग मिळतो.

पण तिच्या स्वभावात एक गोष्ट आहे, जी व्हिएयनेच सूत्रात मांडली. दारूचा दाणा किती वेगाने जळतो, हे त्याच्याभोवतीच्या दाबावर अवलंबून असते. दाब वाढला की जळणे वाढते, जळणे वाढले की दाब आणखी वाढतो. म्हणजे हे कर्ज चक्रवाढ व्याजाचे आहे. मात्रा खालच्या टप्प्यात थोडी वाढवली तर दाब थोडा वाढतो. तेवढीच वाढ वरच्या टप्प्यात केली तर दाब कितीतरी जास्त उसळतो आणि गोळीचा वेग मात्र जेमतेम वाढतो. शेवटच्या दोन-चार दाण्यांतून मिळते थोडे आणि जोखीम येते फार.

सुरुवातीच्या काळात अनेकांनी नवी दारू जुन्या मापट्याने भरली आणि बंदुकी फुटल्या. तेव्हापासून नियम झाला की दारू मापायची नाही, तोलायची. तोलण्याचे एकक राहिले ग्रेन. मूळचे जवाच्या दाण्याचे वजन, आजच्या हिशेबात सुमारे ६५ मिलिग्रॅम. मराठी वाचकाला हे एकक परके नाही. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा ठरवला तो १८० ग्रेनांचा. अमेरिकी शिकाऱ्यांत ‘थर्टी-ओ-सिक्स’साठी लोकप्रिय असलेली १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा. तिच्यामागे जी दारू असते, ती जेमतेम पाव तोळ्याच्या आसपास. एवढ्याशा दारूने नळीत जो दाब तयार होतो त्याची वरची मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड, म्हणजे ६०,००० पीएसआय आहे. घरातल्या कुकरची शिट्टी होते ती साधारण १५ पीएसआयला. त्याच्या चार हजारपट दाब, नेम धरणाऱ्याच्या गालापासून काही इंचांवर, सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात येतो आणि जातो.

आकडा कसा जन्मतो

अशा गोष्टीत सुरक्षित मात्रा कोण ठरवणार? बंदूक तपासून तिच्यावर छाप उठवण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला सनद मिळाली १६३७ साली. पण काडतुसाच्या दाबाचे सर्वमान्य मानक फार उशिरा आले. १९१४ मध्ये बेल्जियममधल्या लीएजमध्ये युरोपीय देशांचा आयोग स्थापन झाला, तो सीआयपी. अमेरिकेत १९२६ मध्ये उत्पादकांची संस्था झाली, ती सामी. प्रत्येक काडतुसाची मापे आणि त्याचा कमाल सरासरी दाब या संस्था ठरवतात.

त्या मर्यादेच्या आत राहून दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत चाचण्या करतात आणि पुस्तके काढतात. अशी पुस्तिका काढण्याची परंपरा जॉन बार्लोच्या ‘आयडियल’ कंपनीपर्यंत मागे जाते. १८८४ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९२५ मध्ये लायमनने घेतली आणि लायमनची पुस्तके आजही निघतात. त्यातले एक पान उघडले तर दिसते ते असे: काडतुसाचे नाव, गोळीचे वजन आणि प्रकार, काडतुसाची एकूण लांबी, कवच कोणत्या कंपनीचे, प्रायमर कोणता, चाचणीची नळी किती लांब. त्याखाली दारूंची यादी आणि प्रत्येकीसमोर दोन मात्रा, सुरुवातीची आणि कमाल.

नवखा माणूस खालच्या ओळी वाचतो. जाणता वरच्या ओळी आधी वाचतो. कारण तो आकडा म्हणजे पाककृती नव्हे. एका विशिष्ट नळीत, विशिष्ट कवच, टोपी आणि गोळी घेऊन, दारूच्या एका विशिष्ट घाण्यातून केलेल्या मोजणीची ती साक्ष आहे. वरच्या ओळीतली एकही गोष्ट बदलली की साक्ष तेवढी पातळ होते. लष्करी कवचाचे पितळ बहुधा जाड असते. बाहेरून माप तेच, पण आत जागा कमी आणि म्हणून दाब जास्त. पूर्ण तांब्याची गोळी शिसे भरलेल्या तेवढ्याच वजनाच्या गोळीपेक्षा लांब असते. ती कवचात खोल जाते आणि दारूची जागा खाते. गोळी इतकी पुढे बसवली की ती नळीतल्या आट्यांना टेकली, तर तिला सुरुवातीला धावायला मोकळीक मिळत नाही आणि दाब चढतो. उन्हात तापलेली काडतुसेही दाब वाढवतात.

म्हणूनच दोन नामांकित पुस्तकांत एकाच गोळीसाठी आणि एकाच दारूसाठी वेगवेगळे आकडे सापडतात. वाचणारा गोंधळतो आणि म्हणतो, यातले एक खोटे असणार. दोन्ही खरी असतात. त्यांच्या नळ्या वेगळ्या असतात, घाणे वेगळे असतात. रॉबिन्स आणि नोबल यांच्यासारखेच.

एका नावाच्या दोन दारू

आकड्याच्या अटी विसरल्या की काय होते, याची दोन उदाहरणे या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत.

पहिले नावाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारकडे लष्करी दारूचे प्रचंड साठे उरले. ब्रूस हॉजडन या माणसाने ते विकत घेऊन काडतुसे भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. त्यात २० मिलिमीटर तोफेची एक सावकाश जळणारी दारू होती, क्रमांक ४८३१. ती अतिशय लोकप्रिय झाली. पुढे १९७०च्या दशकात ड्युपाँ कंपनीने आपली ४८३१ बाजारात आणली. क्रमांक तोच, पण ही जास्त वेगाने जळणारी होती. हॉजडनच्या ४८३१ची कमाल मात्रा ड्युपाँच्या ४८३१ला लावली, की दाब धोक्याच्या पातळीवर. डब्यावर क्रमांकाआधी जी अक्षरे असतात, तेवढाच फरक. २००३ मध्ये हॉजडन कंपनीने ड्युपाँकडून पुढे चालत आलेला तो आयएमआर दारूंचा व्यवसायच विकत घेतला. आता दोन्ही डबे एकाच घरातून येतात, पण दारू अजूनही दोन आहेत.

दुसरे एककाचे. जुन्या काळी दाब मोजताना नळीला भोक पाडून तिथे तांब्याचा छोटा दंडगोल बसवत आणि दाबाने तो किती चेपला ते मोजत. या मोजणीला ‘कॉपर युनिट’ म्हणतात. पण तांबे चेपायला वेळ लागतो आणि दाबाचे शिखर क्षणार्धात निघून जाते. ते पूर्ण पकडले जात नाही. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात विजेवर चालणारे पिझो संवेदक रूढ झाले आणि खरे शिखर दिसू लागले. .३०८ विंचेस्टरची मर्यादा जुन्या मोजणीत ५२,००० होती, नव्या मोजणीत ती ६२,००० पीएसआय झाली. काडतूस तेच, दाबही तोच. .३०-३०ची मात्र ३८,००० वरून ४२,०००. एका ठिकाणी दहा हजारांचा फरक, दुसऱ्या ठिकाणी चार. म्हणजे एकातून दुसरे काढण्याचे एकच भरवशाचे सूत्र नाही. त्यात अमेरिकी लष्कराच्या जुन्या कागदांत तांब्याच्या मोजणीचे आकडेही ‘पीएसआय’ म्हणूनच छापलेले असत. दोन कागदांवरची दोन वेगळी एकके शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या कित्येकांचा गैरसमज तिथे झाला. नव्या मोजणीनंतर काही जुन्या पुस्तकांतल्या कमाल मात्रा खालीही आणाव्या लागल्या. म्हणून आजोबांच्या बंदुकीसोबत आलेले आजोबांचे पुस्तक प्रेमाने जपावे, पण मात्रा आजच्या आवृत्तीतून घ्यावी.

खालून वर

आता मूळ प्रश्न. पहिला आकडा कुठून घ्यायचा?

पहिले उत्तर, ज्याने तो मोजला त्याच्याकडून. दारू बनवणाऱ्याच्या किंवा गोळी बनवणाऱ्याच्या चालू आवृत्तीतून. गोळीबाराच्या मैदानावर शेजाऱ्याने सांगितलेली मात्रा त्याच्या रायफलीत सुरक्षित असेलही. ती त्याच्या रायफलीची साक्ष आहे, दुसऱ्याच्या नव्हे. संगणकावर दाबाचा अंदाज बांधणाऱ्या प्रणाली आहेत. त्या उपयोगी आहेत, पण अंदाज म्हणजे मोजणी नाही. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ हा कारभार जिथे तिथे चालतो, तो इथे चालत नाही.

दुसरे, एका पुस्तकावर थांबायचे नाही. दोन-तीन विश्वसनीय ठिकाणचे आकडे शेजारी ठेवायचे. ते जवळपास जुळले तर सर्वांत खालच्या सुरुवातीपासून निघायचे. एक आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल, तर छपाईची चूक किंवा वेगळी अट शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही. नेमकी आपली गोळी कुठेच सापडली नाही, तर त्याच प्रकारच्या, त्याच किंवा किंचित जास्त वजनाच्या गोळीची सुरुवातीची मात्रा पाहायची. हे करतानाही शिसे भरलेल्या गोळीचा आकडा पूर्ण तांब्याच्या गोळीला लावायचा नाही.

तिसरे, पुस्तकात फक्त कमाल मात्रा दिली असेल तर त्यातून दहा टक्के वजा करून सुरुवात करण्याचा रूढ नियम आहे. पण नियमाला अपवाद आहे आणि तो उलट्या दिशेचा आहे. सावकाश जळणाऱ्या काही दारू मोठ्या कवचात फार कमी भरल्या तर त्या नीट पेटत नाहीत आणि क्वचित अचानक भयंकर दाब निर्माण करतात. असे का होते यावर जाणकारांत अजून एकमत नाही, पण फुटलेल्या रायफली खऱ्या आहेत. काही दारूंसाठी निर्माता स्पष्ट बजावतो की मात्रा ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी करू नका. ‘कमी म्हणजे सुरक्षित’ ही समजूत इथे अपुरी ठरते. सुरुवातीची मात्रा हा खालचा उंबरठा आहे; त्याच्याही खाली जाण्याचा परवाना ती देत नाही.

चौथे, तिथून वर जाताना छोट्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर थांबून पाहणे. झाडलेल्या कवचाची टोपी चपटी झाली आहे का, तळाच्या पितळावर चकाकता ठसा उमटला आहे का, बोल्ट उघडायला जड जातो आहे का. ही लक्षणे दिसली की थांबायचे आणि खाली यायचे. मात्र ती उशिरा दिसतात. ताप चढल्यावर कपाळ गरम लागते, तसे. लक्षण दिसले नाही याचा अर्थ दाब मर्यादेत आहे, असा होत नाही. त्यापेक्षा वेगमापक यंत्र जास्त बोलके. पुस्तकातल्या कमाल मात्रेला जो वेग दिला आहे, तो तेवढ्याच लांबीच्या नळीतून कमी मात्रेतच मिळू लागला, तर दाबही तिथे पोचला आहे असे समजावे. फुकटचा वेग कोणी देत नाही.

कारखान्यांचीही यातून सुटका नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. जळगाव जिल्ह्यातले वरणगाव काडतुसांसाठी, तर भंडारा दारू आणि स्फोटकांसाठी ओळखले जाते. जगातल्या कुठल्याही अशा कारखान्यात दारूचा नवा घाणा आला की जुनी मात्रा तशीच चालवली जात नाही. दाब आणि वेग पुन्हा मोजला जातो आणि मात्रा त्याप्रमाणे ठरते. किरकोळ डब्यांत विकली जाणारी दारू घाणे मिसळून शक्य तितकी एकसारखी केलेली असते, कारण घरी भरणाऱ्याकडे दाब मोजण्याचे यंत्र नसते. कारखान्याच्या काडतुसातली दारू काढून, तोलून, तसलीच दिसणारी दारू तेवढीच भरण्याचा मोह म्हणूनच घातक आहे. दिसायला सारख्या दोन दारूंचे दाणे डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

अनेक वर्षे बिनअपघात भरणाऱ्यांच्या सवयी पाहिल्या तर त्यात धाडस कुठेच दिसत नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. उरलेली दारू त्याच डब्यात, लगेच. काम सुरू करण्याआधी तराजू ज्ञात वजनाने तपासलेला. भरलेल्या कवचांच्या रांगेवर दिवा धरून प्रत्येकात दारूची पातळी सारखी आहे का, हे पाहिलेले. आणि प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी: दारूचे पूर्ण नाव, घाण्याचा क्रमांक, मात्रा, गोळी, कवच, प्रायमर, लांबी, तारीख. पुस्तकाच्या पानावरच्या वरच्या ओळी त्याने आपल्या हाताने पुन्हा लिहिलेल्या असतात.

त्यातली एक ओळ बदलली, समजा दारूचा डबा संपून नव्या घाण्याचा डबा आला, तर तीस वर्षे त्याच रायफलीसाठी भरणारा माणूसही वही उघडतो, पेन्सिलीने नवी रेघ मारतो आणि पुन्हा सुरुवातीच्या मात्रेवर येतो.